तू थांबत नाहीस

डहाणू, ८ जुलै २०२५

अदिती,

'चि.' आणि 'अनेक आशीर्वाद' गृहीत धर. चार वर्षं आपण बोलत नाही म्हणून आशीर्वाद संपलेत असं नाही, पण आज मला तक्रार करायची आहे आणि तिला जागा जास्त लागणार आहे.

आमचे केंद्रप्रमुख सुदर्शन सर, म्हणजे उधव्याच्या आसपासच्या आम्हा बारा शाळांवर नेमलेले देखरेखवाले, यांनी जूनमध्ये फतवा काढला. रोज अर्धा तास मुलांना छोटे शैक्षणिक व्हिडिओ दाखवायचे आणि दाखवतानाचा फोटो अकराच्या आत ग्रुपवर टाकायचा. मुलं शिकली की नाही याचा फोटो निघत नाही, त्यामुळे त्याची चौकशीही नाही. सोबत फुकट व्हिडिओंची यादी दिली आहे. तिच्यात चौथ्या नंबरावर 'अदितीताईची गंमतशाळा'. नाव वाचून मी चष्मा काढून ठेवला.

तू माझी मुलगी आहेस हे इथे कुणाला माहीत नाही. ते तसंच राहू दे.

आमच्या पाड्यावर मोबाईलला गुजरातचा टॉवर लागतो. त्यामुळे तुझ्या व्हिडिओआधी गुजरातीतून जाहिरात सुरू होते. आठ दिवसांत माझ्या तेवीस मुलांना गुजरातीत घरघंटी, म्हणजे घरगुती पिठाची गिरणी, विकता येऊ लागली. शेवटी तुझे बाबा डहाणूला घरीच व्हिडिओ उतरवून मला पेनड्राइव्हवर देऊ लागले. तो मी शाळेला दानात मिळालेल्या टीव्हीला लावते. लाइट असली तर.

तर काल तुझं 'क्षेत्रफळ' दाखवलं. 'हाय फ्रेंड्स! चला, आपल्या बेडरूमच्या फरश्या मोजू या!' अगं बाई, या तेवीस मुलांत फरशीचं घर एकाचं, लडक्याचं, आणि त्याच्याकडे बेडरूम नाही, त्या खोलीत बोकड बांधलेला असतो. बाकीच्यांची जमीन शेणाने सारवलेली. त्यांनी काय मोजायचं, पोपडे? आणि पन्नास सेकंदांत क्षेत्रफळ! मला त्याला दोन आठवडे लागतात. म्हणजे मी मठ्ठच म्हणायची. हातवारे तर असे की डहाणूच्या मासळी बाजारात पापलेटवालीसुद्धा एवढे हात करत नाही.

यासाठी तू पक्की नोकरी सोडून पुण्याला गेलीस. मी तेव्हा लग्नघरात चारचौघांत 'मोबाईलपुढच्या माकडचेष्टा' म्हणाले, तो शब्द तुला लागला. व्हिडिओ बघितल्यावर मला तो सौम्य वाटतो.

फोन केला नाही कारण घसा थोडा बसला आहे. शिवाय फोन मध्येच ठेवून देता येतो, पत्र निदान फाडावं लागतं.

— आई
(हुद्दा अजून कायम आहे)


डहाणू, २४ जुलै

अदिती,

उत्तर आलं नाही. मी वाट बघत होते असं समजू नकोस.

पण काल तुझ्या बाबांनी नवा व्हिडिओ दिला. 'घरात फरशी नसेल, तर वह्या अंथरा आणि किती वह्या मावतात ते मोजा.' म्हणजे पत्र पोचलं. छान. आता हे सांग, जमिनीवर अंथरण्याइतक्या वह्या या मुलांकडे असत्या तर सरकारने तुझे फुकटचे व्हिडिओ दाखवायला सांगितलं असतं का? एका मुलाला दोन वह्या मिळतात. त्यातल्या एकीची पानं जूनमध्येच होड्या होऊन ओढ्याला जातात. पुण्यात बसून पाड्याची गरिबी किती असते याचा अंदाज बांधतेस, तोही बिचारा पुणेरीच निघतो.

दुसरं. तुझ्या बाबांनी तुला सांगितलं असणारच. न्हाणीघरात नळ सोडून ते तुझ्याशी बोलतात. डहाणू रोडच्या बुकिंग खिडकीत तीस वर्षं बसलेला माणूस, त्यांना अजून वाटतं की पलीकडच्याला काही ऐकू येत नाही. तर, घसा बसलेला नाही, गेलेला आहे. वापीच्या डॉक्टरने नळी घालून बघितलं. स्वरतंतूंवर गाठी आहेत. म्हणाला, 'बेन, बोलवानुं बंध. त्रण महिना. एकदम बंध.' गप्प राहिले तर ऑपरेशन टळेल. तेहेतीस वर्षं मुलांवर ओरडण्याचं बक्षीस मला निवृत्तीआधीच मिळालं.

रजा घे, म्हणशील. शाळेत शिक्षकांची दोन पदं आहेत, त्यातलं एक दीड वर्ष रिकामं. मी रजेवर गेले की शाळेला कुलूप लागेल आणि मुलांना मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत जोडतील. त्या रस्त्यावरून दिवसभर रेतीचे डंपर धावतात. पहिलीतलं पोर तो रस्ता ओलांडणार नाही, घरी बसेल, आणि मग घरचे त्याला भावंडं सांभाळायला ठेवतील. शेजारच्या पाड्यावर असंच झालं, एकदा लागलेलं कुलूप पुन्हा निघालं नाही. म्हणून माझा आवाज गेला हे सुदर्शन सरांना कळता कामा नये. मुलांना माहीत आहे. त्यांनी घरीसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही.

म्हणून तुझे व्हिडिओ. बोलायचं तू, फळ्यावर लिहायचं मी. तीन महिने माझा वर्ग तुझ्या तोंडावर चालणार आहे. माझ्यावर यापेक्षा वाईट वेळ काय यायची राहिली होती, ते मला आठवत नाही.

दया नको. व्हिडिओ जरा बरे कर.

— आई


डहाणू, १४ ऑगस्ट

अदिती,

तुझा खरा दोष सापडला. फरश्या, हातवारे, ते 'फ्रेंड्स', हे सगळं वरवरचं. तू थांबत नाहीस.

'सांगा बरं, किती?' असं विचारतेस, आणि मुलांनी श्वास घेण्याआधीच 'बरोब्बर!' म्हणून टाळ्या वाजवतेस. कुणाला बरोब्बर म्हणतेस? कुणी काही बोललेलंच नसतं. मी घड्याळ लावून बघितलं, दोन सेकंद. माझ्या चौथीत धाकली नावाची मुलगी आहे. फार बोलत नाही. तुझा व्हिडिओ बघून तिने मला विचारलं, 'बाई, तिला उत्तर माहीत हाय, तं विचारते कशाला?' याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर कळव.

आता वर्गात काय झालं ते सांगते, म्हणजे शिकवणं कशाला म्हणतात ते कळेल.

तुझ्या वह्यांचा नाद सोडून मी फळ्यावर लिहिलं, 'शाळेचा ओटा कशाने मोजाल?' मुलं धावली आणि सागाची पानं घेऊन आली. पावसाळ्यात इथे सागाला सुपाएवढी पानं येतात. दोन गट केले, ओटा एकच. लडक्याच्या गटाची बासष्ट पानं बसली, दुसऱ्या गटाची पंचेचाळीस. लगेच भांडण. तुम्ही चोरलात, तुम्ही वाकडी लावलीत, तुमच्या पानाला भोक. एरवी मी एक आरोळी ठोकून भांडण मिटवलं असतं आणि एकक म्हणजे काय हे तिथल्या तिथे सांगून टाकलं असतं. पण आरोळी नव्हती, आणि खडू आत टेबलावर राहिला होता. धाकलीचं तोंड उघडं दिसलं. काही करता येत नसलं की माणूस मोजत बसतो. मी मोजत होते. अकरा झाले तेव्हा ती बोलली.

'बाई, पानं मोठी घेतली तं ओटा लहान होतो.'

पुन्हा वाच. सगळा धडा त्यात आहे. भांडण जागच्या जागी थांबलं. लडक्याने दोन्ही ढिगांतलं एकेक पान घेऊन एकमेकांवर ठेवलं आणि 'हां' म्हणाला.

हे तुझ्या पन्नास सेकंदांत कधी होणार नाही. धाकलीला अकरा सेकंद लागतात, तू दोन देतेस. मुलांना वेळ द्यावा लागतो ही गोष्ट मी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून जाणते. तुला हे कुणी शिकवलेलं दिसत नाही.

— आई


डहाणू, ३ सप्टेंबर

अदिती,

सुदर्शन सर न सांगता शाळेत आले. मी दारातच गार पडले. माझं तोंड बंद आणि तेवीस मुलं माझ्याकडे बघतायत. आता हा माणूस काही विचारणार, मी बोलू शकणार नाही, आणि सोमवारी कुलूप.

पण हा माणूस विचारत नाही, सांगतो. दहा मिनिटं स्वतःच बोलला. मग मागे बसून त्याने तास बघितला. मी फळ्यावर प्रश्न लिहायचे, एखाद्या मुलाकडे बोट करायचे, आणि थांबायचे. दुसरं करणार काय? मुलं आपली विचार करून उत्तरं देत होती. तास संपला तर सरांच्या डोळ्यांत पाणी. 'बाई, याला म्हणतात विद्यार्थीकेंद्रित अध्यापन! आमच्या प्रशिक्षणात चार दिवस जे सांगतात ते तुम्ही एक शब्द न बोलता दाखवलंत!' मी नम्रपणे मान हलवली. मूर्ख माणसासमोर मौन किती उपयोगी पडतं हे मला फार उशिरा कळलं.

त्याने मोबाईलवर चाळीस सेकंद चित्रण केलं होतं. खाली बासरी लावली आणि 'थांबणाऱ्या बाई' असं नाव देऊन सोडून दिलं. आता मीही छोटा व्हिडिओ झाले आहे. तुला हसायला घे. दोन लाख लोकांनी बघितलाय. तलासरीला माझा सत्कार ठरला आहे, शाल आणि श्रीफळ. 'आमच्या वेळी अशा बाई हव्या होत्या', 'डोळे पाणावले', हात जोडलेली चित्रं, फुलं. तुझे बाबा एकेक वाचून दाखवतात. मी ऐकत नाही, पण कान काही बंद करता येत नाहीत.

काल वाचता वाचता ते अडखळले. म्हणाले, 'इथे कुणीतरी नुसता आकडा टाकलाय. छप्पन्न.' खाली एकाने विचारलं आहे, 'छप्पन्न म्हणजे काय, शाळेची पटसंख्या?'

मी मोबाईल हातात घेतला. नाव तुझं होतं.

आज एवढंच.

— आई


डहाणू, ५ सप्टेंबर

अदिती,

आज शिक्षकदिन. सकाळपासून मुलांनी माझ्या टेबलावर तेरड्याची फुलं टाकलीत. पहिलीतल्या एकाने कच्चा चिकू आणला आहे. मला ते सगळं उचलून बाहेर फेकावंसं वाटत होतं.

छप्पन्न म्हणजे काय ते मला माहीत आहे. तुला वाटत असेल मी विसरले. विसरले नव्हते, गेली बावीस वर्षं मी ते बाजूला सारून ठेवलं होतं.

कोसबाडजवळच्या शाळेत तू चौथीत होतीस आणि मीच तुझी बाई. तपासणीला साहेब आले. मिरवायचं म्हणून मी तुलाच उभं केलं, बाईची मुलगी. 'सात अठ्ठे?' तू तोंड उघडलंस. डोळे वर, ओठ जरा वेगळे, आवाज अजून यायचा आहे. परवा ओट्यावर धाकलीचं तोंड अगदी तसंच उघडं होतं, म्हणून मी मोजायला लागले, तुला खोटं सांगितलं की खडू नव्हता म्हणून. तपासणीच्या दिवशी मी मोजलं नाही. 'दगड आहेस. बस खाली,' म्हणाले. तुझ्या शेजारच्या संगीताने उत्तर दिलं. साहेब हसले आणि मीही त्यांच्याबरोबर हसले.

संध्याकाळी एसटीत कोसबाडच्या उतारावर तू खिडकीकडे बघत म्हणालीस, 'छप्पन्न.' आणि मी म्हणाले, 'आता काय उपयोग?'

त्यानंतर तू माझ्या वर्गात कधी हात वर केला नाहीस. मी सगळ्यांना सांगत राहिले की पोरगी हट्टी आहे. पुढे तू मोबाईलपुढे उभी राहून कुणाला मध्ये बोलायला फट न ठेवता भराभर बोलायला लागलीस, तेव्हा मी त्यालाही हसले. आणि परवा तुलाच पत्र लिहून विचारलं की तुला थांबायला कुणी शिकवलं नाही का. जी मुलगी थांबते तिला 'बस खाली' म्हणतात, हे तुला मीच शिकवलं होतं. तू माझी हुशार विद्यार्थिनी निघालीस.

'नोकरीच्या पहिल्या दिवसापासून जाणते' हेही खोटं. जूनपर्यंत धाकलीला मी शेवटच्या रांगेत बसवत होते. घसा शाबूत असता तर ओट्यावर तिलाही दगड म्हणाले असते, आणि ती पानांची गोष्ट तिच्या पोटातच राहिली असती. अशा किती मुलांच्या पोटात काय काय राहिलं असेल, तेहेतीस वर्षांचा हिशोब कोण लावणार. सत्कार करायचाच तर माझ्या गळ्यातल्या गाठींचा करावा, शिकवलं त्यांनी. तलासरीला मी जाणार नाही, ताप आल्याचं कळवलं आहे.

मला लाज वाटते, अदिती. ती सुदर्शन सरांची वाटते तशी नाही, स्वतःची वाटते, आणि तिची मला सवय नाही. मी चुकले. ही दोन शब्दांची ओळ लिहायला मला संध्याकाळ गेली. तुझ्या दोन सेकंदांना नावं ठेवणारी बाई.

उत्तर दे असं म्हणत नाही.

— आई


डहाणू, १२ ऑक्टोबर

अदिती,

फोन झाला, मग पत्र कशाला, असं तुझे बाबा म्हणाले. पण फोनवर तुला दिसत काहीच नव्हतं, म्हणून लिहिते.

आधी व्हिडिओबद्दल. मागचा पडदा भिकार आहे. कुठल्या हॉटेलातून उचललास? 'फ्रेंड्स' अजून गेलं नाही. पण शुक्रवारी तो वर्गात लावला. तू विचारलंस, 'सात अठ्ठे किती?' आणि थांबलीस.

आमच्या वर्गाला तुझी ती सवय नाही. तीन-चार सेकंदांत चुळबुळ सुरू झाली. लडक्या टीव्हीला थापट मारायला उठला, 'बाई, लाइट हाय, पण ती अडकली.' धाकलीने त्याचा सदरा ओढून त्याला खाली बसवलं. म्हणाली, 'अडकली नाय. डोळं मिटते, बघ. ती वाट बघते.' मग कुणी हललं नाही. तेवीस मुलं तुझ्याकडे बघत होती आणि तू त्यांच्याकडे. धाकलीचं तोंड उघडलं. बोटांवर काहीतरी झालं, आणि ती हळूच म्हणाली, 'छप्पन्न.'

जरा वेळाने तू म्हणालीस, 'बरोबर.' नुसतं. टाळ्या नाहीत, बरोब्बर नाही.

धाकली वळून माझ्याकडे बघायला लागली. 'बाई, तिने ऐकलं!'

मी फळा पुसायला घेतला. फळा कोराच होता.

खाली लोकांनी लिहिलंय की व्हिडिओ मध्येच बंद पडतो, नीट करून पुन्हा टाका. गाढवं आहेत. काही बदलू नकोस.

काल वापीला गेले. गाठी विरत आल्या आहेत, ऑपरेशन नको म्हणाला. 'बेन, हवे बोलो. रोजना दस शब्द.' शाळेला कुलूप लागलं नाही, लागणारही नाही. दिवाळीनंतर मी हळूहळू बोलू लागेन. पण वर्गात बोलण्याची मला आता घाई नाही.

आता बोलायचं, पण रोज दहाच शब्द. घरी येईपर्यंत गाडीत मी ते निवडत होते. 'अदिती, मी चुकले, घरी ये, दिवाळीला' असे सहा झाले, आणि उरलेल्यांत त्या पडद्याबद्दल काहीतरी बसवायचं होतं. पाच वाजता बाबांनी फोन लावून माझ्या हातात दिला. तू 'हॅलो' म्हणालीस, मग 'आई?' म्हणालीस. पुढे काही विचारलं नाहीस.

माझं तोंड उघडलं. इथे तुझे बाबा समोर घड्याळाकडे बघत उभे होते, हे तुला दिसलं नसेल. त्यांना वाटलं तू फोन ठेवलास, म्हणून ते हात पुढे करत होते. मी त्यांचा हात बाजूला केला, कारण तुझा श्वास ऐकू येत होता. निवडलेल्यांतला एकही शब्द येईना. नंतर बाबा म्हणाले की पुरते वीस सेकंद झाले होते. धाकलीपेक्षा मंद निघाले मी. आणि तू ठेवला नाहीस, 'बोल ना' म्हणाली नाहीस, काहीच म्हणाली नाहीस.

मग माझ्या तोंडून एवढंच आलं, 'बरोबर.' घोगरा आवाज होता, तुला ओळखू आला की नाही कोण जाणे.

तू विचारलंस, 'काय बरोबर, आई?'

मी म्हणाले, 'छप्पन्न.'

त्यानंतर तुझ्याकडून जो आवाज आला तो हसण्याचा होता की रडण्याचा, ते मला कळलं नाही. माझ्याकडे आठ शब्द शिल्लक होते. मी विचारलं नाही. मी थांबले.

— आई